एरिक लिडेल: रविवारी न धावलेला धावपटू आणि रविवारी शिट्टी फुंकणारे सर

माणदेशी

एरिक लिडेल म्हटलं की एकच गोष्ट सांगितली जाते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या रविवारी आल्या, म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्या शर्यतीत उतरलाच नाही. रविवार देवाचा वार, त्या दिवशी शर्यत नाही, विषय संपला. नंतर २०० मीटरमध्ये कांस्य मिळवलं आणि ११ जुलैला ४०० मीटर ४७.६ सेकंदांत पळून सुवर्ण. लोक टाळ्या वाजवतात आणि गोष्ट तिथेच संपते.

मला वाटतं खरा माणूस त्यानंतर सुरू होतो. तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, ऐन भरात असताना, ते चीनला निघून गेले आणि तिएन्त्सिनच्या अँग्लो-चायनीज कॉलेजात मास्तर झाले. नाव कॉलेज, पण होती ती मुलांची शाळाच. तिथे बारा वर्षं विज्ञान शिकवलं, मैदानावर पोरं तयार केली, रविवारी बायबलचा वर्ग घेतला. १९३७ पासून शिआओचांग नावाच्या खेड्यात, दुष्काळ आणि युद्धाच्या धुमाळीत मिशनचं काम केलं. मग मार्च १९४३ मध्ये जपान्यांनी इतर परदेशी लोकांबरोबर त्यांनाही वेइशिएनच्या छावणीत कोंडलं. तिथेच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतल्या गाठीने ते गेले. वय ४३. छावणी सुटायला अजून सहा महिनेही नव्हते.

त्या छावणीत शेकडो मुलं होती. बरीचशी चेफूच्या बोर्डिंग शाळेतली, आईवडील चीनच्या आतल्या भागात कुठेतरी. लिडेल या मुलांचे सर, पंच, मार्गदर्शक, सगळंच झाले. मुलं त्यांना 'अंकल एरिक' म्हणायची. मोडलेल्या हॉकीच्या काठ्या चादरीच्या पट्ट्या फाडून बांधून द्यायचे. पण रविवारी खेळ नाही, हा नेम तिथेही होताच. मग एका रविवारी मुलांनी आपली आपण हॉकी मांडली, पंच नव्हता, आणि खेळाची मारामारी झाली. लिडेलनी विचार केला आणि पुढच्या वेळी रविवारीच पंच म्हणून मैदानात उतरले.

ज्या माणसाने जगासमोर ऑलिंपिकची शर्यत सोडली, त्याने वीस वर्षांनी तारेच्या कुंपणाआड पोरांच्या हॉकीसाठी तोच नेम बाजूला ठेवला. मी स्वतः शाळेत विज्ञान आणि पीटी दोन्ही शिकवतो, त्यामुळे हा प्रसंग मला पॅरिसच्या शर्यतीपेक्षा मोठा वाटतो. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या आयुष्यात असे कोणी ख्रिस्ती सर, टीचर, फादर, सिस्टर होते का, ज्यांनी मैदानावर घडवलं? लिहा.

चहाबाज

वाचनखूण साठवली. ४०० मीटर माहीत होतं, छावणीचं काहीच माहीत नव्हतं. चहा टाकून परत येतो.

एडिनबरोकर

छान धागा, माणदेशी. मी एडिनबरात राहतो. इथे मॉर्निंगसाइडला जिथे तीन-चार चर्च एका चौकात समोरासमोर आहेत, त्या 'होली कॉर्नर'वर लिडेल यांच्या नावाचं समाजकेंद्र आहे. जुन्या चर्चच्याच इमारतीत. म्हातारी माणसं, त्यांना सांभाळणारे घरचे लोक, यांच्यासाठी बरंच काही चालतं. त्यांच्या नावाने नुसता पुतळा उभारून न थांबता लोकांनी असं काम सुरू ठेवलं, हे मला फार आवडतं.

१९८१ चा ऑस्करविजेता चित्रपट 'चॅरियट्स ऑफ फायर' बघून ज्यांना ही गोष्ट कळली त्यांच्यासाठी एक खुलासा. चित्रपटात जहाजावर चढताना त्यांना कळतं की फेऱ्या रविवारी आहेत, आणि मग धावपळ होते. प्रत्यक्षात वेळापत्रक कित्येक महिने आधी माहीत होतं. त्यांनी तेव्हाच नकार कळवून ४०० मीटरची तयारी सुरू केली होती. आणि बहीण जेनी त्यांच्या धावण्याच्या विरोधात होती, हेही चित्रपटाने घातलेलं तिखटमीठ. ती बिचारी त्यांच्या बाजूचीच होती.

मला त्यांची आणखी एक शर्यत आवडते. जुलै १९२३, स्टोक-ऑन-ट्रेंट, ४४० यार्ड. सुरुवातीलाच धक्का लागून हा माणूस ट्रॅकच्या बाहेर पडला. उठेपर्यंत बाकीचे सुमारे वीस यार्ड पुढे. उठला, पळाला, जिंकला आणि रेषेपलीकडे कोसळला.

लालमाती

मी तालुका पातळीवर पोरांना पळवतो, म्हणून तांत्रिक बाजूचं सांगतो.

लिडेलची पळण्याची पद्धत कुठल्याही प्रशिक्षकाच्या अंगावर काटा आणणारी होती. मान मागे टाकलेली, तोंड आभाळाकडे, हात वाऱ्यावर. एडिनबरात टॉम मॅकर्चर नावाचे प्रशिक्षक त्यांना मिळाले. ते चांगल्या जाणकारीचे असणार, कारण त्यांनी या माणसाला साच्यात कोंबला नाही. माझ्या हाताखाली असं पोरगं आलं असतं तर मी पहिल्या दिवशीच मान सरळ करायला लावली असती.

आणि पॅरिसची अंतिम शर्यत काय होती ते समजून घ्या. सगळ्यात बाहेरची लेन. म्हणजे वळणावर बाकी सगळे तुमच्या मागे, कोण किती जवळ आलंय हे दिसतच नाही. त्या काळी ४०० मीटर म्हणजे पहिला अर्धा भाग राखून पळायचा, दम ठेवायचा, असा रिवाज. लिडेलनी पहिले २०० मीटर २२.२ सेकंदांत मारले! सगळ्यांना वाटलं हा आता शेवटी बसणार. बसले नाहीत. शर्यत जिंकण्याची ती नवीनच रीत होती, तिचा अभ्यास व्हायला हवा.

नगरी

मी नगरचा, मराठी ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे संडेस्कूलमध्ये लिडेलची गोष्ट सांगायचे, पण छावणीतली हॉकी कोणी सांगितली नव्हती.

एडिनबरोकर, अंतिम शर्यतीच्या सकाळी संघाच्या मालिशवाल्याने लिडेलच्या हातात एक चिठ्ठी दिली होती. त्यात बायबलमधल्या ओळीचा आधार होता: "जे माझा आदर करितात त्यांचा मी आदर करीन." पहिलं शमुवेल, दुसरा अध्याय. आमच्या घरी ती ओळ आजीच्या हातची, कापडावर भरतकाम करून चौकटीत लावलेली होती, त्यामुळे ती चिठ्ठीची गोष्ट मला आमच्याच घरातली वाटायची.

आता आमच्या सरांबद्दल. मिशनच्या शाळेत पीटीला एक सर होते, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. बुटाच्या नाडीत ओवलेली शिट्टी, खिशात चुन्याची पुडी. ट्रॅक आखायला चुन्याची गाडी शाळेकडे नव्हती. सर दोरी ताणायला लावायचे आणि स्वतः वाकून, मुठीतून चुना सोडत, चारशे मीटरची वळणं हाताने आखायचे. वळण इतकं गोल यायचं की भूमितीचे मास्तर बघायला यायचे. पावसाने पुसलं की पुन्हा. त्या रेषेवरून पळताना आम्हाला वाटायचं, आपण कुणीतरी मोठे खेळाडू आहोत.

रविवारी सर चर्चमध्ये पेटी वाजवायचे. उपासना आटोपली की ओट्यावर बसून आमच्यातल्या प्रत्येकाची विचारपूस. कुणाच्या घरी काय शिजतंय, कुणाचा बाप दारू पितोय, सगळं त्यांना ठाऊक. पळण्याबद्दल मात्र त्या दिवशी अवाक्षर नाही. ते सोमवारी.

अनामिक_वाचक

सगळे भारावून लिहिताय म्हणून दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. लिडेल लंडन मिशनरी सोसायटीचे मिशनरी होते. त्यांचे वडीलही. शाळा, दवाखाना, खेळ या सगळ्यामागे धर्मप्रसार हा हेतू उघड होता. चीनमध्ये परदेशी वसाहती होत्या, गोऱ्यांचे वेगळे कायदे होते, आणि मिशन त्याच छत्राखाली वावरलं. 'प्रेमळ शिक्षक' म्हणताना हे विसरायचं का?

खडूफळा

विसरायचं नाही. पण नीट बघायचं. तिएन्त्सिनमध्ये ब्रिटिश, फ्रेंच, जपानी अशा वेगवेगळ्या परकीय वसाहती होत्या हे खरंच, आणि लिडेल यांचा जन्मही तिथलाच, १९०२ चा. त्या शाळेत बहुतेक खात्यापित्या चिनी घरांतली मुलं यायची. याच लिडेलनी १९३७ ला ती शाळा, बंगला, टेनिस हे सगळं सोडून शिआओचांगचं खेडं धरलं. आजूबाजूला जपानी फौजा, गनिमी टोळ्या, नापिकी. भाऊ रॉब तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होता. लिडेल सायकलवरून आणि पायी गावोगाव हिंडायचे. वसाहतीच्या सावलीत सुखाने राहायचं असतं तर त्यांना शहर सोडायची गरज नव्हती.

अनामिक_वाचक

हा मुद्दा मान्य. माणसाच्या प्रामाणिकपणाबद्दल माझी शंका नाहीच. संस्थेबद्दल आहे, आणि ती राहणार.

नगरी

अनामिक, तुमच्या शंकेला आमच्या घरात दोन पिढ्या उत्तरं शोधली गेली आहेत. पणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा भावकीने पाणी तोडलं. मिशनने शिकवलं म्हणून आजोबा मास्तर झाले. दोन्ही खरं. आजोबा रेव्हरंड टिळकांचे अभंग म्हणायचे आणि आषाढीला दिंडी गावातून गेली की दारात पाण्याचा हंडा ठेवायचे. यातलं कुठलं काय म्हणून मोजायचं, ते मी ठरवू शकत नाही. पण सरांनी मैदानावर कधी कुणाची जात किंवा धर्म विचारला नाही, एवढं मी पाहिलंय. त्यांच्या संघातली अर्धी मुलं मुसलमान आणि मातंग वस्तीतली होती.

पारनाका

वसईहून नमस्कार! आम्ही कॅथलिक, त्यामुळे हा रविवारचा पेच आमच्याकडे पडतच नाही. सकाळी मिस्सा, घरी येऊन जेवण, आणि दुपारपासून अंधार पडेपर्यंत मैदान. आमच्या गावातल्या फुटबॉलच्या स्पर्धा रविवारीच असतात, नाहीतर खेळणार कोण आणि बघणार कोण? रविवारी खेळूच नये हा कडक नेम स्कॉटलंड-इंग्लंडच्या प्रॉटेस्टंट मंडळींचा. त्यामुळे लहानपणी मला लिडेलची गोष्ट कळेचना. मी बाबांना विचारलं होतं, "मिस्साला जाऊन मग पळायचं ना त्याने!"

आमच्या टीचरबद्दल लिहिते. शाळेत मराठी शिकवायच्या आणि मुलींना खो-खो. सुती साडी, पदर कमरेला खोचलेला, आणि खांबाजवळ अशी काही झेप मारून दाखवायच्या की आम्ही आ वासून बघायचो. मुलगी वयात आली की घरचे खेळ बंद करायचे. टीचर संध्याकाळी त्या घरी जाऊन बसायच्या. भांडायच्या नाहीत, उपदेश नाही. चहा प्यायच्या, केळीच्या बागेबद्दल, विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायच्या, आणि उठताना म्हणायच्या, "उद्या सात वाजता पाठवा हां, मी स्वतः आणून सोडीन." आणि सोडायच्या. माझ्या आईला त्यांनी असंच वळवलं. मी जिल्ह्याला खेळले ते केवळ त्यामुळे.

त्या गेल्या तेव्हा चर्चच्या अंगणात आमच्या वेगवेगळ्या वर्षांच्या संघातल्या बायका आपोआप एका रांगेत उभ्या राहिल्या, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे, खो-खोत बसतात तशी. कुणी ठरवलं नव्हतं.

चहाबाज

पारनाका ताई, शेवटचा परिच्छेद वाचून चहा तसाच राहिला.

खडूफळा

थोडं विषयांतर करतो, पण फार दूर जात नाही. पॅरिसच्या त्याच १९२४ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या भारतीय संघाबरोबर एक ख्रिस्ती शिक्षक-प्रशिक्षक होते: हॅरी क्रो बक. हे अमेरिकन, वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेचे. १९२० मध्ये त्यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. पीटीचा मास्तर हा रीतसर शिकून तयार झालेला शिक्षक असावा, ही कल्पना आपल्याकडे रुजवणाऱ्यांत त्यांचं नाव फार वर आहे. ते १९४३ मध्ये वारले, म्हणजे लिडेल छावणीत गेले त्याच वर्षी.

आणि वायएमसीएचा विषय निघालाच आहे तर, बास्केटबॉल १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत शोधला. ते धर्मशास्त्र शिकलेले व्यायामशिक्षक. थंडीत मुलं आत कोंडली जातात, त्यांना काय खेळवायचं, या अडचणीतून. व्हॉलीबॉलही १८९५ मध्ये वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांचा. आपल्या खेड्यापाड्यांत ग्रामपंचायतीसमोर संध्याकाळी जाळी बांधून जो व्हॉलीबॉल रंगतो, त्याची मुळं एका ख्रिस्ती व्यायामशाळेत आहेत हे किती जणांना माहीत असेल?

लालमाती

खडूफळा, व्हॉलीबॉलचं आजच कळलं. आमच्या गावात तो मारुतीच्या देवळासमोर चालतो. मारुतीला चालत असेल तर आपल्याला काय!

क्रिकेटवाल्यांनी विजय हजाऱ्यांना विसरू नये. सांगलीचे, मराठी ख्रिस्ती घरातले, आणि भारताने पहिली कसोटी जिंकली, १९५२, मद्रास, इंग्लंडविरुद्ध, तेव्हाचे कर्णधार. पुण्याचे चंदू बोर्डेही ख्रिस्तीच.

माणदेशी

गाडी क्रिकेटवर गेली की परत येत नाही, म्हणून मध्येच येतो. 😀

शिक्षक म्हणून लिडेल काय करायचे, यातली एक गोष्ट मला सारखी आठवते. छावणीत मोठ्या मुलांच्या परीक्षेची तयारी चालू होती, बाहेर पडल्यावर वर्ष वाया जाऊ नये म्हणून. रसायनशास्त्र शिकवायचं, पण प्रयोगशाळा नाही, काचेची एक नळीसुद्धा नाही. लिडेलनी काय केलं, तर प्रयोगाच्या उपकरणांची चित्रं हाताने काढली. चंबू, नळ्या, स्टँड, वायू कुठून जातो, कुठे जमा होतो, सगळं नेटकं, बारकाईने. त्या कागदांवरून मुलं रसायनशास्त्र शिकली.

माझ्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट आहे, किल्लीही आहे, आणि तरी कित्येक ठिकाणी प्रयोग फळ्यावरच उरकतात. ज्या माणसाकडे ऑलिंपिकचं सुवर्ण आहे तो रात्री बसून पोरांसाठी चंबूची आकृती काढतोय, आणि आपण? हे मी माझ्या सहकाऱ्यांना मुद्दाम सांगतो.

पहाटेचंही एक. छावणीत ते उजाडण्याआधी उठायचे आणि शेंगदाण्याच्या तेलाच्या दिव्यावर एका मित्राबरोबर बायबल वाचायचे, दिवसभर काय काय करायचं ते ठरवायचे. मग पाणी वाहणं, पोरांचे वर्ग, खेळ, म्हाताऱ्यांची कामं. लँग्डन गिल्की नावाचे अमेरिकन तरुण शिक्षक त्याच छावणीत होते, पुढे ते मोठे धर्मशास्त्रज्ञ झाले. छावणीतल्या माणसांच्या स्वार्थाबद्दल, अगदी मिशनऱ्यांच्याही, त्यांनी फार परखडपणे लिहिलं. पण लिडेलबद्दल त्यांचं म्हणणं असं की संत भेटण्याचं भाग्य क्वचित लाभतं, आणि हा माणूस त्याच्या अगदी जवळ पोचलेला होता. संध्याकाळी तरुण मुलामुलींसाठी बुद्धिबळ मांडताना, बोटींचे नमुने करताना, नाच बसवताना त्यांनी लिडेलना पाहिलं होतं.

स्वाती_टोरांटो

सगळ्यांनी लिडेलबद्दल लिहिलं. मला फ्लॉरेन्सबद्दल लिहायचंय.

त्यांची बायको. कॅनेडियन मिशनरी घरातली, नर्स झालेली. १९३४ मध्ये तिएन्त्सिनला लग्न. १९४१ मध्ये युद्ध अंगावर येतंय हे दिसल्यावर लिडेलनी तिला आणि दोन मुलींना, पॅट्रिशिया आणि हेदरला, कॅनडाला पाठवलं. तेव्हा ती गरोदर होती. तिसरी मुलगी मॉरीन इथे टोरांटोला जन्मली. तिने वडिलांना कधीच पाहिलं नाही. छावणीतून मोजक्या शब्दांची पत्रं यायची. जाण्याच्या दिवशीही त्यांनी फ्लॉरेन्सला पत्र लिहिलं, त्यात हलकं काम मिळणार, बेकरीत बदली होईल, असं काहीसं. ते गेले ही बातमी तिला दोन महिन्यांहून जास्त काळाने कळली.

आता माझा प्रश्न. शेकडो परक्या मुलांचा 'अंकल एरिक' झालेला माणूस स्वतःच्या तीन मुलींना मिळाला नाही. त्यांनी कुटुंबाबरोबर निघून जायला हवं होतं का? मी आई आहे, आणि मला याचं उत्तर 'हो' असंच येतं. त्यांच्याबद्दलचा आदर कमी न करता.

पारनाका

स्वाती, बरं झालं लिहिलंस. आमच्या टीचरचं लग्न झालं नव्हतं, आणि लोक म्हणायचे "म्हणून एवढा वेळ देता येतो". जणू द्यायला काही लागलंच नाही.

लालमाती

स्वातीताई, मी दुसऱ्या बाजूने बोलतो. १९४१ ला कोणालाच माहीत नव्हतं की छावणी होणार आणि ती इतकी चालणार. खेड्यातली माणसं सोडून जायचं नाही, थोड्या महिन्यांनी आपणही निघू, असा हिशेब असेल. फौजेतला माणूस घर सोडून सीमेवर राहतो तेव्हा आपण त्याला विचारतो का?

स्वाती_टोरांटो

विचारायला हवं, दादा. फौजीच्या बायकोला विचारून बघा.

चहाबाज

कुठेतरी वाचलं होतं की लिडेलना कैद्यांच्या अदलाबदलीत सुटायची संधी होती, चर्चिलने यादीत नाव घातलं होतं, आणि त्यांनी ती जागा एका गरोदर बाईला दिली. हे खरं का?

एडिनबरोकर

चहाबाज, ही गोष्ट २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर, चिनी अधिकाऱ्यांनी पुढे आणली. घरच्यांनाही ती नवी होती. छावणीत जवळून ओळखणाऱ्यांच्या आठवणींत तिला आधार दिसत नाही. त्यांच्या स्वभावाला शोभणारी आहे म्हणून ती लगेच पटते, पण तेवढ्यावर मी ती सांगणार नाही. सांगण्यासारखं पक्कं इतकं आहे की कशाला हवी?

उदाहरणार्थ स्टीफन मेटकाफ. छावणीतला सतरा वर्षांचा मुलगा, थंडीत पायात धड काही नाही. लिडेलनी जाण्याच्या थोडे आधी आपले जुने धावण्याचे बूट दोऱ्याने शिवून, बांधून त्याला दिले. त्याआधी बायबलच्या वर्गात त्यांनी मुलांना सांगितलं होतं, शत्रूवर प्रीती करा याचा अर्थ त्यांच्यासाठी प्रार्थना करा. समोर जपानी पहारेकरी उभे, आणि हा धडा! मेटकाफने तो घेतला. युद्ध संपल्यावर तो जपानमध्ये गेला आणि तीसहून जास्त वर्षं तिथे राहून काम केलं. बूट कधीच संपले असतील, पण हे टिकलं.

अंत्ययात्रेत शाळेची मुलं दोन्ही बाजूंना उभी होती. साधा लाकडी क्रूस, त्यावर नाव बुटाच्या पॉलिशने लिहिलेलं. १९९१ मध्ये तिथे स्कॉटलंडच्या मल बेटावरचा ग्रॅनाइट नेऊन स्मारकशिला उभी केली. त्या गावाचं आताचं नाव वेइफांग.

अनामिक_वाचक

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचं उत्तर कोणीच सरळ दिलं नाही. छावणीत रविवारी खेळ चालतो, तर मग पॅरिसमध्ये का चालला नसता? दोन्हीकडे रविवारच. एक तर तेव्हाचा हट्ट अनाठायी, नाहीतर नंतरची माघार. दोन्ही थोर कसं?

नगरी

अनामिक, बायबलातच याचं उत्तर आहे. येशूचे शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या पवित्र दिवशी कणसं मोडून खातात म्हणून परूशी लोक आक्षेप घेतात. तेव्हा तो म्हणतो, "शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी झाला नाही." मार्क, दुसरा अध्याय. लिडेलना हा उतारा तोंडपाठ असणारच. छावणीतल्या मुलांना रविवार हा सगळ्यात रिकामा दिवस. आई नाही, घर नाही, जेवायला धड नाही.

लालमाती

नगरी, वचन बरोबर, पण मी मैदानावरचं सांगतो. पॅरिसमध्ये नकार दिला त्याची किंमत कोणी भरली? त्यांनी स्वतः. पदक गेलं तर त्यांचं, शिव्या खाल्ल्या तर त्यांनी. छावणीत 'रविवारी मी येणार नाही' म्हटलं तर किंमत पोरांनी भरायची. डोकी फुटायची ती त्यांची. आपल्या नेमाचा भार स्वतःच्या खांद्यावर असतो तोवर तो कितीही कडक पाळावा. दुसऱ्याच्या, त्यातून लहान पोरांच्या खांद्यावर जायला लागला की प्रशिक्षकाने उठून शिट्टी घ्यावी. लिडेलनी नेमकं हेच ओळखलं. मला दोन्ही रविवार एकाच माणसाचे वाटतात.

माणदेशी

लालमाती, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा स्वच्छ मांडलंत.

अनामिक_वाचक

हे पटलं. पॅरिसचा नकार मला अजूनही थोडा टोकाचा वाटतो, पण छावणीतल्या निर्णयाला 'माघार' हा शब्द मी मागे घेतो.

स्वाती_टोरांटो

लालमाती दादा, मग तुमच्याच न्यायाने: चीनमध्ये राहण्याच्या निर्णयाची किंमत कोणी भरली? फ्लॉरेन्सने आणि तीन मुलींनी. तिथे शिट्टी कोणी घ्यायची?

लालमाती

...याला माझ्याकडे उत्तर नाही, ताई.

नगरी

स्वातीताईंचा प्रश्न राहू द्या इथे तसाच. आमच्या सरांच्या बाईंनीही शेवटी शेवटी सरांना एकदा सुनावलं होतं, "गावातल्या सगळ्या पोरांच्या पायाचं माप ठाऊक, आपल्या पोराचं विचारलं तर सांगता येईना." सर गप्प बसले होते.

माणदेशी

सोमवारी परिपाठाला नववी-दहावीसमोर लिडेल सांगणार आहे. पाच मिनिटं मिळतात. पॅरिस एका मिनिटात उरकतो, रसायनशास्त्राच्या आकृत्यांना दोन मिनिटं आणि हॉकीला दोन. मग मुलांनाच विचारतो, तुम्ही असता तर रविवारी पंच झाला असता का? काय म्हणतात ते इथे लिहीन. स्वातीताई, फ्लॉरेन्सचंही सांगेन, मुली जास्त आहेत वर्गात.

पारनाका

नक्की लिहा. आणि मुलींना वेगळं विचारा, घोळक्यात मुलगेच आधी बोलतात.

चहाबाज

खडूफळा, ते बक सरांवर वेगळा धागा काढा ना. भारतीय संघाची पॅरिस वारी वाचायला आवडेल.

खडूफळा

काढतो. पण मग १९२० च्या अँटवर्पपासून सुरुवात करावी लागेल, कारण त्यात पुण्याचं डेक्कन जिमखाना आणि सर दोराबजी टाटा येतात, आणि मद्रासचं कॉलेजही त्याच वर्षीचं. परीक्षेचे पेपर तपासून झाले की बसतो.